दातेरी अक्षरांची तक्रार: एका जुन्या मड-क्लायंटचं प्रकरण

तक्रार साधी होती. ब्राउझरमध्ये अक्षरं छान दिसतात, वर्डमध्ये छान दिसतात, गेमच्या खिडकीत मात्र दातेरी होतात आणि तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात. तक्रारदार माझा मावसभाऊ, पन्नाशी ओलांडलेला, आणि गेम म्हणजे मड.

मड ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात चित्रं नसतात, सगळा खेळ मजकुरात चालतो. तुम्ही उत्तरेला जायची आज्ञा टाइप करायची. मग तिथली खोली कशी आहे, कोण उभं आहे, कोणता राक्षस झोपलाय हे सर्व्हर शब्दांत पाठवतो. एकाच जगात अनेक खेळाडू एका वेळी वावरत असतात. रॉय ट्रबशॉने १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात पहिला मड लिहायला घेतला, रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. १९९०-९१ च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी डिकूमड तयार केला आणि त्याच्या कोडवरून जगभर मडांची पिलावळ निघाली. दादा खेळतो तो त्याच घराण्यातला.

मड खेळायला नुसतं टेलनेट, म्हणजे दूरच्या संगणकाशी मजकुरात बोलणारा साधा प्रोग्रामही पुरतो, पण रोज खेळणारे क्लायंट, म्हणजे खास मडसाठी बनवलेला प्रोग्राम वापरतात. रंग, ठरावीक ओळ आली की आपोआप आज्ञा सोडणारे ट्रिगर, कोपऱ्यात नकाशा अशा सोयी त्यात मिळतात. दादाचा क्लायंट विंडोजवरचा, बराच जुना, अक्षरं जीडीआयकडून काढून घेणारा. जीडीआय म्हणजे विंडोजचा पडद्यावर रेषा, रंग आणि अक्षरं काढणारा मूळचा भाग. क्लायंटचं नाव मुद्दाम देत नाही. त्या पिढीतल्या कुठल्याही क्लायंटबाबत यातलं बहुतेक सगळं असंच घडलं असतं.

दोन उपाय, दोन्ही 'निकामी'

मी विषय काढला तेव्हा दादाचा निकाल लागलेला होता. "अगं, सेटिंगचा प्रश्नच नाही. फॉन्ट बदलून पाहिला, क्लिअरटाइप लावून पाहिलं. क्लायंटच जुनाट आहे, त्याला जमतच नाही."

क्लिअरटाइप म्हणजे अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी, म्हणजेच स्मूदिंग करणारी, विंडोजची सोय. दोन्ही उपाय बरोबर होते, दोन्ही त्याने खरंच केले होते, आणि तरी निष्कर्ष चुकला होता. प्रकरणाची खरी गंमत इथे आहे, म्हणून घटनाक्रम नीट मांडते.

डेस्कटॉप रखडत चालतो म्हणून एका दुरुस्तीवाल्याने मागे कधीतरी विंडोजच्या परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये 'अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' निवडून दिलं होतं. हा पर्याय निवडला की खालच्या यादीतल्या सगळ्या खुणा एकदम निघतात. त्या यादीत खिडक्यांच्या सावल्या आणि सरकते मेनू असतात, तशीच 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स' ही ओळही असते. ती खूण गेली की अख्ख्या संगणकावरची अक्षरं दातेरी होतात. दादाचा मुक्काम गेममध्ये, त्यामुळे त्याला ते तिथे खुपलं. त्याने क्लायंटचा फॉन्ट फिक्स्डसिस होता तो कूरियर न्यू केला. अक्षरं दातेरीच राहिली, वर किडकिडीतही झाली. वैतागून त्याने पुन्हा फिक्स्डसिस लावला.

पुढे त्याच्या मुलाने क्लिअरटाइप सुरू करून दिलं. ब्राउझर सुधारला, वर्ड सुधारलं. गेम जिथल्या तिथे, कारण फॉन्ट परत फिक्स्डसिस झालेला होता आणि फिक्स्डसिसला क्लिअरटाइप लागूच होत नाही.

म्हणजे फॉन्ट योग्य होता तेव्हा स्मूदिंग बंद होतं आणि स्मूदिंग सुरू झालं तेव्हा फॉन्ट चुकीचा होता. दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्या असं कधी झालंच नाही. दुरुस्ती करताना एक बदल करून पाहायचा, फरक पडला नाही तर तो मागे घ्यायचा आणि दुसरा करून पाहायचा, ही आपल्या सगळ्यांची सवय. ती एरवी चांगलीच आहे. पण दोन-तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात तिथे हीच सवय प्रत्येक खऱ्या उपायाला खोटं ठरवते.

सेटिंग सोडा, पिक्सेल बघा

दादाने काय काय केलं हे मला नंतर कळलं. आधी मी खिडकीचा स्क्रीनशॉट घेतला आणि पेंटमध्ये आठपट मोठा केला. अशा तक्रारीत मी कायम इथूनच सुरुवात करते, कारण सेटिंगची खिडकी काहीही म्हणो, पडद्यावर काय पोचलं ते पिक्सेलच सांगतात. विंडोजचा मॅग्निफायर यासाठी वापरू नये. मोठं करताना तो स्वतःच कडा गुळगुळीत करू शकतो, मग आपण कोणाचं काम पाहतोय तेच कळत नाही.

मोठ्या केलेल्या चित्रात चारपैकी एक गोष्ट दिसते. अक्षराचा रंग आणि पार्श्वभूमीचा रंग एवढे दोनच रंग असतील, तर स्मूदिंग झालेलंच नाही. कडेला करड्या छटा असतील, तर साधं अँटी-अलायझिंग आहे. कडेला फिकट तांबूस-निळसर पिक्सेल असतील, तर क्लिअरटाइप, म्हणजे सबपिक्सेल पद्धत, पिक्सेलचे लाल-हिरवे-निळे तुकडे वेगवेगळे पेटवणारी. आणि अक्षरांबरोबर खिडकीतले चिन्हांचे आणि चौकटींचे काठही पुसट झाले असतील, तर फॉन्टशी संबंधच नाही. विंडोजने तयार खिडकीचं चित्र ताणलंय.

दादाच्या खिडकीत दोनच रंग होते. शेजारच्या ब्राउझरमध्ये तांबूस-निळसर कडा. म्हणजे यंत्रणेत क्लिअरटाइप चालू, क्लायंटमध्ये नाही. आता संशयित दोनच उरले. एक तर क्लायंट जीडीआयकडे फॉन्ट मागताना 'स्मूदिंग नको' असं स्पष्ट सांगत असेल. फॉन्ट मागताना दर्जाचा एक रकाना भरावा लागतो आणि त्यात 'यंत्रणा ठरवेल ते', 'अँटी-अलायझिंग नको', 'अँटी-अलायझिंग हवं', 'क्लिअरटाइप हवं' असे पर्याय असतात. दुसरा संशयित फॉन्ट. क्लायंटच्या सेटिंगमध्ये फिक्स्डसिस हे नाव दिसलं आणि पहिल्या संशयिताकडे जायची गरज पडली नाही.

फिक्स्डसिस हा विंडोजच्या अगदी पहिल्या आवृत्त्यांपासूनचा फॉन्ट. तो रास्टर आहे, म्हणजे त्याच्या फाइलमध्ये अक्षरांचे बाह्याकार नसतातच. प्रत्येक अक्षराची ८ पिक्सेल रुंद आणि १५ पिक्सेल उंच अशी तयार जाळी असते, कुठला ठिपका पेटवायचा आणि कुठला नाही एवढंच त्यात लिहिलेलं. स्मूदिंग करणारा प्रोग्राम अक्षराच्या वळणाने पिक्सेलचा किती भाग व्यापला ते मोजतो आणि त्या प्रमाणात छटा ठरवतो. वळणच नसेल तर मोजणार काय? त्यामुळे फिक्स्डसिस, टर्मिनल, सिस्टिम या मंडळींना जगातलं कुठलंही सेटिंग गुळगुळीत करू शकत नाही.

मडवाल्यांचं या फॉन्टवर प्रेम का, हेही समजण्यासारखं आहे. ८० रकाने गुणिले ८ पिक्सेल म्हणजे बरोबर ६४० पिक्सेल, जुन्या व्हीजीए पडद्याची पूर्ण रुंदी. प्रत्येक अक्षर पिक्सेलच्या जाळीवर नेमकं बसवलेलं, त्यामुळे ठसठशीत. काचेच्या जुन्या मॉनिटरवर प्रत्येक ठिपका जरासा पसरायचा आणि कडा आपोआप मऊ व्हायच्या. एलसीडीवर ठिपका चौकोनी आणि काटेकोर, त्यामुळे दाते उघडे पडले.

कूरियर न्यू नको, मग कोणता?

फॉन्ट बदलायचा हे ठरलं, पण मडमध्ये वाटेल तो फॉन्ट चालत नाही. सर्व्हर नकाशे आणि तक्ते साध्या चिन्हांनी रेखाटून पाठवतो, आणि प्रत्येक अक्षराची रुंदी सारखीच असणार असं धरून चालतो. एरियल किंवा व्हर्डाना लावला की अक्षरं सुंदर होतात आणि नकाशातल्या भिंती तिरप्या होतात. म्हणून निवड समरुंदीच्या फॉन्टांतूनच करायची.

कूरियर न्यू दादाला किडकिडीत वाटला त्यात त्याच्या डोळ्यांचा दोष नाही. टाइपरायटरच्या गोळ्यावरच्या अक्षरांवरून तो थेट घेतलेला आहे. कागदावर फितीची शाई पसरून अक्षर जाड व्हायचं, ती जाडी फॉन्टमध्ये उतरलीच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर तो आणखी बारीक भासतो. कडेचे अर्धवट पिक्सेल रंगवताना आकड्यांची साधी सरासरी काढली तर ० आणि २५५ यांच्या मधला आकडा १२८ येतो. पण मॉनिटरवर १२८ चा प्रत्यक्ष उजेड पूर्ण उजेडाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा पडतो. पांढऱ्यावर काळं लिहिलं तर हीच गफलत अक्षराला जाडी देते, काळ्यावर पांढरं लिहिलं तर अक्षर झिजवते. मड खेळणारे जवळपास सगळे काळ्या पडद्यावर खेळतात. क्लिअरटाइपमध्ये कॉन्ट्रास्टचा आकडा असतो तो यासाठीच. तो १००० ते २२०० मध्ये फिरवता येतो, सुरुवातीला १४०० असतो. कंट्रोल पॅनेलमधल्या क्लिअरटाइप ट्यूनरमध्ये 'यातलं कोणतं नीट दिसतं' असे नमुने दाखवतात, त्यातल्या काही निवडींमधून हाच आकडा बदलत असतो. अडचण एवढीच की ते नमुने पांढऱ्या पार्श्वभूमीवर असतात.

शेवटी कन्सोलाज लावला. लुकास द ग्रूट यांनी तो क्लिअरटाइप डोळ्यांसमोर ठेवूनच काढला आणि विंडोज व्हिस्टाबरोबर तो सगळीकडे पोचला. व्हिस्टापासूनच क्लिअरटाइप आपोआप चालू मिळायला लागलं. आधीच्या विंडोज एक्सपीत ते होतं, पण वापरणाऱ्याला स्वतः लावावं लागायचं. कन्सोलाज आणि क्लिअरटाइप एकमेकांशिवाय अर्धे आहेत. स्मूदिंग बंद करून कन्सोलाज पाहिला तर तो फिक्स्डसिसपेक्षा वाईट दिसतो. दादाने पहिल्या वेळी कूरियर न्यूऐवजी तो निवडला असता, तर निकाल आणखी ठाम लागला असता.

रुंदीचा हिशेब इथे करून टाकते, कारण पुढे तो लागतो. १० पॉइंट म्हणजे ९६ डीपीआयवर (इंचाला ९६ पिक्सेल धरून) साधारण १३ पिक्सेल उंची. कूरियर न्यूची रुंदी उंचीच्या ०.६ पट, म्हणजे ७.८, जीडीआय ती पूर्ण पिक्सेलवर नेऊन ८ करतं. कन्सोलाजची रुंदी ०.५५ पट, म्हणजे ७.१५, ती होते ७. ऐंशी रकान्यांना कूरियर न्यू ६४० पिक्सेल घेतो, कन्सोलाज ५६०. दादाच्या खिडकीत उजवीकडे अचानक मोकळी जागा उरली ती या फरकाची. मग फॉन्ट १२ पॉइंट केला आणि डोळ्यांचं अर्धं दुखणं एवढ्यानेच गेलं. स्मूदिंगच्या चर्चेत अक्षराचा आकार विसरायला होतो; वयाच्या एका टप्प्यानंतर कडांपेक्षा तोच जास्त महत्त्वाचा.

निळा रंग

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन: बाकी सगळं झकास, पण नदीचं वर्णन वाचता येत नाही. त्या मडमध्ये पाण्याच्या जागा गडद निळ्यात येतात.

यामागचं कारण क्लिअरटाइपच्या मुळात आहे. एलसीडीच्या एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन उभे तुकडे असतात. पांढरं अक्षर काढताना हे तिन्ही वेगवेगळे पेटवता येतात, त्यामुळे आडवी बारकाई जवळपास तिप्पट झाल्यासारखी भासते. अक्षर शुद्ध निळं आणि मागे काळं असेल, तर लाल आणि हिरव्या तुकड्यांना कामच उरत नाही. बारकाईचा फायदा संपतो आणि कडेला फक्त आणखी गडद निळ्या छटा उरतात. मुळात पूर्ण निळ्या रंगाचा उजेड पांढऱ्याच्या सुमारे ७ टक्के. विंडोजच्या जुन्या कन्सोलचा, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीचा, निळा तर ०, ०, १२८ (लाल, हिरवा, निळा यांची २५५ पैकी मात्रा), म्हणजे त्याहून कितीतरी मंद. फिक्स्डसिसमध्ये निदान पिक्सेल पूर्ण पेटत होते. स्मूदिंगने कडा मंद केल्या आणि अक्षर काळोखात बुडालं.

यावर स्मूदिंगमध्ये काही करण्यासारखं नाही, रंगच बदलायला हवा. मायक्रोसॉफ्टनेही २०१७ मध्ये विंडोज १० च्या कन्सोलचे रंग बदलले तेव्हा गडद निळा ०, ५५, २१८ असा केला. आम्ही क्लायंटच्या रंगपेटीत तेच आकडे भरले. हिरव्याची थोडी मात्रा मिसळल्यावर नदी वाचता यायला लागली.

नकाशाची खिडकी आणि लपलेला दोष

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते नकाशाने. क्लायंटमध्ये स्क्रिप्टने छोट्या खिडक्या काढता येतात. दादाने एका सहखेळाडूची स्क्रिप्ट घेतली होती. ती दर पावलाला नकाशा आणि खाली प्राणशक्तीचे आकडे नव्याने लिहायची. फॉन्ट कन्सोलाज केल्यावर मुख्य खिडकी स्वच्छ राहिली, पण नकाशातली अक्षरं खेळता खेळता जाड होत गेली, कडेला मळ साचल्यासारखी. क्लायंट बंद करून उघडला की पुन्हा ताजी.

आठपट मोठं केल्यावर कडेच्या छटा वाढत चाललेल्या दिसल्या. म्हणजे स्क्रिप्ट जुनं न पुसता त्याच जागी तेच अक्षर पुन्हा लिहीत होती. समजा कडेचा एखादा पिक्सेल अक्षराने ३० टक्के व्यापलाय. पहिल्यांदा लिहिल्यावर त्यात ३० टक्के रंग येतो. पुन्हा लिहिलं की उरलेल्या ७० टक्क्यांवर आणखी ३० टक्के चढतो, एकूण ५१. तिसऱ्यांदा ६६. दहाव्या वेळेपर्यंत ९७ टक्के, म्हणजे तो पिक्सेल जवळजवळ पूर्ण भरला. दहा पावलांत गुळगुळीत अक्षराचं दातेरी आणि जाड अक्षर तयार.

मुख्य खिडकीत असं होत नव्हतं, कारण तिथे जीडीआय अक्षर लिहिण्याआधी त्यामागची पट्टी पार्श्वभूमीच्या रंगाने भरून घेत होतं. नकाशाची अक्षरं पारदर्शक पद्धतीने, आहे त्यावर चढत होती.

हा दोष स्क्रिप्टमध्ये पहिल्या दिवसापासून होता. फिक्स्डसिस होता तोवर तो कोणालाच दिसला नाही. रास्टर फॉन्टमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा; तेच अक्षर शंभर वेळा लिहा, चित्र तसंच राहतं. प्राणशक्तीच्या आकड्यांखाली मात्र स्क्रिप्ट आधीपासून काळा चौकोन काढत होती, कारण आकडे बदलतात आणि एकावर एक चढले की लगेच डोळ्यांत भरतात. नकाशा बराचसा तसाच राहायचा, म्हणून तिथे पुसायची गरज लिहिणाऱ्याला भासली नाही. नकाशा लिहिण्याआधी पूर्ण खिडकी काळ्याने भरण्याची एक ओळ घातली आणि मळ गेला.

याच जातीचा एक किरकोळ प्रकार मुख्य खिडकीतही दिसला. माउसने मजकूर निवडून सोडला की काही अक्षरांच्या डाव्या कडेला रंगीत ठिपके राहायचे. क्लिअरटाइपचं अक्षर आपल्या चौकटीबाहेर एखादा पिक्सेल सांडू शकतं. क्लायंट फक्त चौकटीपुरतंच पुन्हा रंगवतो, सांडलेलं तसंच राहतं. हे दुरुस्त करायला क्लायंटच्या कोडमध्ये हात घालावा लागेल. खिडकी खाली-वर सरकवली की ठिपके जातात, आणि दादाला ते चालतंय.

नवा लॅपटॉप: उलटी तक्रार

डेस्कटॉपवरचा मॉनिटर २२ इंची, १६८० बाय १०५० चा, म्हणजे इंचाला साधारण ९० पिक्सेल. नवा लॅपटॉप १४ इंची, १९२० बाय १०८० चा, इंचाला १५७ पिक्सेल, आणि विंडोजने तिथे आपणहून १५० टक्के स्केलिंग, म्हणजे सगळं दीडपट मोठं दाखवणं, लावलेलं. इथे तोच क्लायंट, तोच कन्सोलाज, आणि तक्रार बरोबर उलट: अक्षरं पुसट, चष्मा पुसायला लावणारी.

मोठं करून पाहिल्यावर टूलबारची चिन्हंही तितकीच पुसट निघाली. म्हणजे चौथा प्रकार. स्केलिंग कळत नसलेल्या प्रोग्रामला विंडोज सांगतं की पडदा ९६ डीपीआयचाच आहे, त्याला लहान खिडकी रंगवू देतं आणि ते चित्र दीडपट ताणतं. एका पिक्सेलचे दीड पिक्सेल करायचे म्हणजे कडा विरघळणारच. क्लिअरटाइपने नेमकेपणाने पेटवलेले लाल-निळे तुकडे या ताणण्यात एकमेकांत मिसळतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

उपाय विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. प्रोग्रामच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे उच्च डीपीआयच्या सेटिंगमध्ये तीन पर्याय मिळतात: अ‍ॅप्लिकेशन, सिस्टिम आणि सिस्टिम एन्हान्स्ड. तिसऱ्यात विंडोज चित्र ताणत बसत नाही. प्रोग्रामने जीडीआयला दिलेल्या आज्ञाच मोठ्या मापाने पार पाडतं, त्यामुळे अक्षरं खऱ्या पिक्सेलवर नव्याने काढली जातात. जीडीआयवर मजकूर काढणाऱ्या जुन्या प्रोग्रामांना याचा मोठा फायदा होतो, आणि मड-क्लायंट म्हणजे नव्वद टक्के मजकूरच. टूलबारची चिन्हं पुसट राहिली, त्यांना कोण विचारतो. फॉन्ट फिक्स्डसिस ठेवला असता तर इथेही काही हाती लागलं नसतं.

लॅपटॉपवर दादाने आणखी एक विचारलं. गेमच्या नोंदी तो शेजारच्या नोटपॅडमध्ये मराठीत ठेवतो, मंगल फॉन्टमध्ये. क्लिअरटाइप चालू असून वेलांट्या आणि मात्रा थोड्या पायऱ्यांच्या का दिसतात? प्रश्न चांगला आहे. जीडीआयमधलं क्लिअरटाइप फक्त आडव्या दिशेने छटा देतं, उभ्या दिशेने देत नाही. लॅटिन लिपीत उभे दांडे जास्त, तिला हे सोयीचं पडतं. आपल्याकडे शिरोरेखा आडवी, ती पिक्सेलच्या ओळीवर नेमकी बसते आणि ठसठशीत दिसते. पण तिच्यावरून जाणारी वेलांटी कमी चढाची असते, आणि कमी चढाच्या रेषेला उभ्या दिशेच्याच छटा लागतात. मंगल मुळात विंडोज २००० बरोबर आला, मुंबईच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत र. कृ. जोशी यांनी तो मायक्रोसॉफ्टसाठी घडवला. त्या काळच्या पडद्यांवर लहान आकारात वाचता येणं हेच मोठं काम होतं. उभ्या दिशेचं स्मूदिंग डायरेक्टराइट या पुढच्या यंत्रणेत आलं. ब्राउझर ती वापरतात, म्हणून त्याच लॅपटॉपवर ब्राउझरमधली मराठी जास्त सफाईदार दिसते.

वाइनवरचा प्रयोग

घरात लिनक्स मिंटचा एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर हाच क्लायंट वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चालतो. तिथे पुन्हा दातेरी अक्षरं. आता क्रम माहीत असल्यामुळे वेळ गेला नाही. लिनक्सवर कन्सोलाज नसतो, म्हणून देजावू सान्स मोनो निवडला. वाइन विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या, म्हणजे सेटिंगच्या साठ्यातल्या, नावांच्याच नोंदी वाचतं: फॉन्टस्मूदिंग २ म्हणजे चालू, फॉन्टस्मूदिंगटाइप १ म्हणजे करड्या छटा आणि २ म्हणजे सबपिक्सेल, ओरिएंटेशन १ म्हणजे लाल-हिरवा-निळा हा क्रम. गॅमाच्या, म्हणजे मघाच्याच कॉन्ट्रास्टच्या, रकान्यात ५७८ दिसलं तर दचकू नये, सोळाच्या पायातला तो १४००च आहे. हाताने भरायचं नसेल तर विनट्रिक्स या वाइनच्या मदतनीस साधनात फॉन्ट स्मूदिंगचे तयार पर्याय आहेत, आरजीबी निवडलं की या नोंदी आपोआप बसतात.

लिनक्सवरची अक्षरं विंडोजपेक्षा वेगळी दिसतात याला थोडा इतिहास आहे. फ्रीटाइप ही तिथली अक्षरं काढणारी लायब्ररी. अक्षरं पिक्सेलवर बसवण्याच्या ट्रूटाइप सूचनांवर अ‍ॅपलची पेटंटं होती, ती २०१० मध्ये संपली, आणि क्लिअरटाइपच्या पद्धतीवर मायक्रोसॉफ्टची पेटंटं २०१९ पर्यंत होती. त्यामुळे फ्रीटाइपमध्ये या सोयी बरीच वर्षं सुरुवातीला बंद ठेवलेल्या असत. जुन्या लेखांमध्ये त्या सुरू करायच्या लांबलचक कृती सापडतात, आजच्या मिंटवर त्यांची गरज नाही.

मडलेटसारखा क्यूटी या नव्या, जीडीआयवर न विसंबणाऱ्या लायब्ररीवर बांधलेला क्लायंट घेतला असता तर यातलं बरंचसं टळलं असतं. त्याच्या प्राधान्यांमध्ये अँटी-अलायझिंगची सरळ एक चौकट आहे. मी तसं सुचवलं होतं. दादाचे ट्रिगर आणि स्क्रिप्ट पंधरा वर्षांचे, ते नव्याने लिहायची त्याची तयारी नाही, आणि ते मला पटतं.

सध्याची मांडणी अशी: डेस्कटॉपवर कन्सोलाज १२, क्लिअरटाइप, बदललेला निळा. लॅपटॉपवर तेच, शिवाय सिस्टिम एन्हान्स्ड. मिंटवर देजावू. नकाशाच्या खिडकीत दादाने आठवडाभराने स्वतःच परत फिक्स्डसिस लावला. भिंतींच्या उभ्या-आडव्या खुणा त्यात जास्त रेखीव दिसतात असं तो म्हणतो, आणि मोठं करून पाहिल्यावर मलाही तसंच वाटलं. काळ्याने भरण्याची ती ओळ मात्र त्याने स्क्रिप्टमध्ये ठेवली आहे, आणि ज्या सहखेळाडूची स्क्रिप्ट होती त्यालाही पाठवली.